लाल दारावरची खुर्ची

खारीगावच्या चंपाने वरून आलेल्या पाहणी अधिकाऱ्याला दहा जणांसमोर रडवलं आणि त्या रडण्यामुळेच भाईंदरचं ते रुग्णालय पास झालं.

असं काही घडलेलं नाही. अहवालात नाही, हजेरीपटात नाही. कॅमेऱ्यातही नाही, कारण कॅमेरा त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून होता, अजूनही आहे. तेव्हा पुढचं सगळं न घडलेलं समजूनच वाचावं.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला चार खाटांचा एक वेगळा वॉर्ड आहे. ज्या आजारांना अजून धड नावही पडलेलं नाही, त्यांच्यासाठी राखलेला. आजार आलेला नाही, पण त्याच्या चादरी दर सोमवारी बदलतात, त्याचा ऑक्सिजन तपासतात. जावई यायचा असावा तशी सगळी तयारी. फक्त हा जावई येऊच नये, असा सगळ्या वॉर्डाचा नवस.

आत जायला हिरवं दार, बाहेर यायला लाल. आत जाताना माणूस ताजा असतो, भ्यालेला असतो, त्यामुळे शहाण्यासारखा वागतो. बाहेर येऊन अंगावरचं संरक्षक किट उतरवताना तो घामाने भिजलेला असतो, नाक खाजत असतं, आणि हात जातो. आजार नेमका तिथेच टपून असतो. म्हणून लाल दारापाशी एक खुर्ची ठेवलेली. खुर्चीवरच्या माणसाने नुसतं बघायचं आणि समोरचा चुकला की ओरडायचं. हात मात्र लावायचा नाही, समोर कुणीही असो.

त्या खुर्चीवर चंपा बसायची.

चंपा मूळची लादी पुसणारी. त्याच्याही आधी अकरा वर्षं डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटून देणाऱ्या गिरणीवर. वॉर्डाच्या प्रमुख डॉक्टर स्वाती मॅडमनी झाडून सगळ्या स्टाफला किट उतरवायला शिकवलं, तेव्हा तीस जणांपैकी एकोणतीस जणांचा हात तोंडाकडे गेला. त्यात दोन डॉक्टर होते. तिसावी चंपा.

"चंपाताई, नाक खाजत नाही का तुमचं?" मॅडमनी विचारलं.

"खाजतं की."

"मग?"

"खाजू देते. त्याला दुसरं काम काय हाय?"

त्या दिवशी मॅडमनी तिच्या हातातला पोछा काढून घेतला आणि खुर्ची दिली. तेव्हापासून, ज्यांच्या पायाखालची लादी ती पुसायची ते डॉक्टर तिच्या एका "थांबा"वर अर्धा पाय बाहेर काढून बगळ्यासारखे उभे राहू लागले. खारीगावात तिने अभिमानाने सांगितलं, "मोठे मोठे डॉक्टर माझ्यासमोर कपडे उतरवतात." शेजारणी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

मग पाहणी आली. उत्तम साहेब. किट कसं उतरवावं याची पुस्तिका त्यांनीच लिहिलेली.

"इथे कोण बसतं?" त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"मी," चंपा म्हणाली.

"शिक्षण?"

"चवथी."

"मॅडम, या खुर्चीवर निरीक्षक बारावी पास लागतो," उत्तम साहेब स्वाती मॅडमना म्हणाले. "आजचं मॉक ड्रिल होऊ दे. एक चूक दिसली की यांना परत लादीवर पाठवा."

 चंपाने खुर्ची चार बोटं पुढे सरकवली आणि बसली.

ड्रिलसाठी रुग्ण लागतो. तो बंटीच्या साडीच्या दुकानातून आणला होता. केसपेपरवर 'पुरुष, वय ४५, नुकताच परदेशातून परत'. खाटेवर मात्र लिपस्टिक लावलेली, कमरेवर हात ठेवलेली प्लास्टिकची बाई.

"पेशंट हसतोय का?" उत्तम साहेबांनी विचारलं.

"पहिलाच दिवस आहे सर," महिपत म्हणाला. तो तिथला वॉर्डबॉय. रिटायरमेंटला आला तरी 'बॉय'च.

खरी पंचाईत पुढे होती. जंतू म्हणून जी चमकणारी पावडर रुग्णाला फासायची आणि नंतर निळ्या दिव्याखाली कुणाच्या अंगावर लागली ते बघायचं, ती पावडर आलीच नव्हती. पावडर नाही म्हणजे ड्रिल नाही, ड्रिल नाही म्हणजे वॉर्ड नापास. उत्तम साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"मसाला लावा," चंपा म्हणाली.

"काय?"

"आमचा आगरी मसाला. डबा हाय माझ्याकडे. दिवाबिवा लागायचा न्हाय. ज्याला लागंल तो स्वतःच सांगंल."

स्वाती मॅडम हसल्या नाहीत. हे बघून उत्तम साहेबांचंही हसू अर्ध्यावर राहिलं. "लावा," ते म्हणाले. "मी स्वतः आत जातो. बघू दे सगळ्यांना."

रुग्णाला मसाला चोळला. मॅडम, महिपत आणि साहेब हिरव्या दाराने आत गेले. ताप मोजला, कमरेवरच्या हाताला कशीबशी सलाईन लावली, रुग्णाला धीर दिला. मग लाल दार. तिथे स्टाफचे आठ जण बघायला उभे होते.

मॅडम चंपाच्या आवाजावर एकेक वस्तू उतरवून कोरड्या बाहेर आल्या. महिपतचा हात चष्म्याकडे निघाला.

"महिपतभाऊ! हात!"

हात हवेतच गोठला. महिपतही कोरडा.

मग साहेब. "थांबा. आधी हात साफ करा," चंपा म्हणाली.

"माहितीये हो मला. पुस्तिका मीच लिहिलीये," साहेब म्हणाले आणि मसाल्याने माखलेल्या त्याच हाताने चष्मा वर ढकलला.

पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या किंकाळीला जागा मिळायला हवी. साहेबांचे डोळे मिटले, ते आंधळ्यागत चाचपडू लागले, बघणारे आठही जण आणि मागून मॅडम, महिपत, सगळेच त्यांना धरायला धावले.

"कुणी हात लावायचा न्हाय!"

चंपा खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही, पण दहाही जण जागच्या जागी थांबले. "मसाला हाय म्हणून धावताय. आजार असता तर? एकाचे अकरा झाले असते." मग तिचा आवाज एकदम खाली आला, डंकावर नव्या पोरीला समजवायचा तसा. "साहेब, माझं ऐका. हात अंगापासून लांब. डावीकडं वीतभरावर बाटली हाय, दाबा. चोळा. आता पाठीमागची गाठ. न्हाय, तोंडाला न्हाय, मानेमागं. जळू दे. जळतं म्हणून मरत न्हाय कोण. परत हात साफ करा."

चार मिनिटं लागली. साहेबांच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या, पण हात पुन्हा एकदाही तोंडाकडे गेला नाही. मास्क सगळ्यात शेवटी, मागून. "आता या," चंपा म्हणाली, आणि मग कुठे मॅडमनी सलाईनची बाटली त्यांच्या डोळ्यांवर ओतली.

उत्तम साहेबांनी भिजलेल्या हाताने पेन उचललं. "पास," ते म्हणाले. निघताना खुर्चीपाशी थांबले. "ताई, माझ्या पुस्तिकेत 'शांत राहा' असं लिहिलंय. कसं राहायचं ते लिहिलेलं नाही."

"मिरची कुटा," चंपा म्हणाली.

अहवालात मसाला नाही. निरीक्षकाच्या रकान्यात 'पद रिक्त' असं आहे. त्या रिक्त पदावर चंपा रोज सकाळी आठला येऊन बसते, आणि डॉक्टर एका पायावर थांबतात. प्लास्टिकची बाई एकवीस दिवस विलगीकरणात आहे, बंटी रोज फोन करतो, "मॅडम, शादी का सीझन है, पेशंट को छुट्टी दे दो ना." स्वाती मॅडमनी मात्र तेवढ्यात एक अर्ज वर धाडला:

"उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, श्रीमती चंपा यांनी सलग अकरा वर्षे मिरचीच्या सान्निध्यात राहूनही एकदाही डोळ्यास हात लावलेला नाही. तरी सदर कालावधीपैकी पहिली आठ वर्षे इयत्ता पाचवी ते बारावी अशी ग्राह्य धरून त्यांना पूर्वलक्षी प्रभावाने बारावी उत्तीर्ण घोषित करण्यात यावे, व उर्वरित तीन वर्षांबद्दल पदवी देण्यात यावी, ही विनंती."