पायमोजा तुटलेला बोया

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला शोध थांबला. दोन बोटी, एक विमान, चौथा दिवस. हाती काही नाही. शुक्रवारी पहाटे एकटाच मासेमारीला गेलेला माणूस बेपत्ता होता. त्याची मोठी बहीण समुद्र-अंदाज कार्यालयातल्या बाकावर बसून होती. "लपंडावातसुद्धा इतका वेळ लपला नाही कधी," ती शिपायाला म्हणाली.

शोध कुठे घ्यायचा हे इथल्याच प्रवाहतज्ज्ञ बाईने ठरवलं होतं. त्या भागात प्रवाह दाखवणारा एकच बोया, यंत्र बसवलेला डबा, तरंगत होता. तो पश्चिमेला चालला होता, म्हणून शोधाचा चौकोनही पश्चिमेला.

साडेबाराला तिने सवयीने स्क्रीन पाहिली. सकाळपासून वारा पडला होता आणि बोयाही जागीच थांबला होता. वारा पडला म्हणून समुद्राचा प्रवाह असा थांबत नाही.

बोयाखाली पंधरा मीटरवर कापडाचं लांब नळकांडं लोंबतं. कार्यालयात त्याला पायमोजा म्हणतात. तो असेल तर बोया पाण्याबरोबर जातो. तुटला तर वारा नेईल तिकडे. तुटल्याचं यंत्र स्क्रीनवरच्या एका रकान्यात कळवतं. पण तो रकाना खोटे इशारे देई, दिवसभर टुकटुक करी, म्हणून मार्चमध्ये तिनेच तो लपवला होता. आता उघडला. पायमोजा अकरा दिवसांपूर्वीच गेला होता.

"चार दिवसांत होडी पाण्याने भरली असेल, तिला वारा फारसा लागत नाही," ती साहेबांना म्हणाली. "ती उत्तरेला गेली असणार. आपण भलतीकडे शोधलं."

"रकाना लपवला कोणी?"

"मी. मंजुरीवर सही तुमची आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "लेखी टिपण द्या. भाषा जरा सौम्य ठेवा."

टिपण लिहायच्या आधी ती बाकाजवळ गेली आणि बहिणीला सगळं सांगितलं.

"साधं सांगा बाई. वारा पश्चिमेला होता, मग पाणी का नाही गेलं?"

"वारा पाण्याला ढकलतो, ताई, पण पृथ्वी फिरते, म्हणून पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं. असं सरकून सरकून भर समुद्रात पाण्याचा हातभर उंचवटा झालाय. त्याच्या उतारावरून पाणी सरळ खाली येत नाही, वळसा घालत फिरतं. आपल्या बाजूला ते उत्तरेला जातं."

"म्हणजे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"तरी त्या डब्यामागे धावलात."

बाई तिच्या शेजारी बाकावर बसली.

"त्याची होडी लाकडी आहे. भरली तरी बुडत नाही. धरून बसला असेल, विमानाची वाट बघत." बहिणीने पिशवी मांडीवर ओढली. "आणि तुमचे कान दुखत होते, होय? टुकटुकीने?"

तीन वाजून पाच मिनिटांनी टिपण वर गेलं. साहेबांनी ‘चूक’ खोडून ‘विसंगती’ लिहिलं होतं. नवा चौकोन उत्तरेला नव्वद किलोमीटरवर.

साडेपाचला तिने बंदरावर फोन लावला. तिकडून कळलं, बोटी इंधन भरून तयार आहेत, आदेश आलेला नाही. बहीण बाकावरच आहे. वारा पुन्हा सुटला आहे आणि बोया पश्चिमेला निघाला आहे.