सहा पायांचे मुंगळे

अरुंधतीबाईंनी चिमट्यातला मुंगळा भिंगाखाली फिरवला. इथल्या मुंगळ्यांच्या दोन्ही जाती काळ्याकुट्ट, अंगानेही सारख्या. पण एकीच्या पोटावर बारीक सोनेरी लव असते, दुसरीच्या नसते. याला लव होती. पुठ्ठ्याच्या टोकाला डिंकाचा ठिपका लावून त्यांनी मुंगळा अलगद चिकटवला आणि खालच्या चिठ्ठीवर लिहिले : लालबाग, इंदूर, ऑगस्ट १९५४. पकडणारा : चिंतामण.

चिंतामणराव जाऊन दोन वर्षे झाली होती.

"काकूजी, काकासाहेबांच्या नावाची चिट्ठी!" पोस्टमन रघुवीर फाटकातून ओरडला. "पुण्याचे प्रोफेसर एकदम पक्के हं, कधी नागा नाही करत."

"द्या इकडे, भिया. आणि जरा हळू बोला."

चिंतामणराव ज्यांच्या संग्रहासाठी मुंगळे पाठवत, त्या पुण्याच्या खांबेटे प्राध्यापकांना कुणी कळवलेच नव्हते. कळवले असते तर पत्रे थांबली असती, आणि तुकोगंजातल्या त्या घरात पत्रांवाचून दुसरे येत तरी कोण होते? म्हणून बाई डब्यांतून मुंगळे पाठवत राहिल्या आणि पत्राखाली नवऱ्याची सही ठोकत राहिल्या.

त्यांनी आजचे पत्र उघडले.

'आदरणीय बाई,

आपण चिंतामणरावांच्या पत्नी असाव्यात. त्यांचा हात डिंकाला फार सढळ. त्यांच्या मुंगळ्याचे सहा पाय शाबूत असले तर नवल. आपल्या मुंगळ्यांचे सगळे पाय जागच्या जागी असतात. चिंतामणराव गेले असावेत, हे मी केव्हाच ओळखले. विचारले तर डब्या बंद होतील, म्हणून गप्प राहिलो. मलाही दुसरे कुणी लिहीत नाही. आता संग्रह कॉलेजला द्यायचा आहे, चिठ्ठीवर खरे नाव हवे. त्यांचे कोणते, आपले कोणते, याची यादी पायांवरून केली आहे. आपले नाव घालून, तपासून पाठवावी.'

बाईंना आधी लाज वाटली, मग रडू आले. बऱ्याच वेळाने डोळे पुसून त्या यादी घेऊन बसल्या.

प्राध्यापक एकाच ठिकाणी चुकले होते. कृष्णपुऱ्याच्या छत्रीपाशी सापडलेला तीन पायांचा मुंगळा त्यांनी चिंतामणरावांच्या नावे घातला होता. तो बाईंचा, अगदी पहिला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चिकटवलेला. हात इतका कापत होता की पाय तुटले, डिंक सांडला.

आपल्या प्रत्येक मुंगळ्यापुढे त्यांनी 'अरुंधती' लिहिले. त्या तीन पायांच्या मुंगळ्यापाशी लेखणी थांबली, मग काही न लिहिता पुढे गेली.

शेवटी त्यांनी लिहिले, 'यादी बरोबर आहे', आणि खाली स्वतःची सही केली.