शेवटच्या ओळीखाली

शालीकरामने तिसऱ्यांदा फोन कापला आणि विळा पुन्हा गवताला लावला. पेंढी बांधून होत नाही तोच फोन चौथ्यांदा वाजला. या वेळी त्याने उचलला.

"हॅलो, धानाची नोंदणी तुमच्याकडंच होते ना जी?" पलीकडे बाईचा आवाज होता.

"माझ्याकडं कोणतीच नोंदणी होत नाही, बाई. मी रिटायर लाइनमन आहो."

"मंग मोबाइलमंधी तुमचा नंबर कायले येऊन राहिला? बटन दाबलं का तुमचाच नंबर! मी रुख्मा बोलतो, चिचगडवरून. इथं आम्ही अकरा जणी बसून आहो."

गेले आठ महिने असे फोन येत होते. आठवड्यात एखादा, कधी दोन. अनोळखी माणसं, भलतेच प्रश्न. तो ऐकून न ऐकता कापायचा. बायको शामकला गेल्यापासून त्याला तसंही कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. सोमवारी देवरीला जाऊन सिमच बदलायचं त्याने ठरवलं होतं. पण आज सकाळपासून हा चौथा फोन होता, आणि चिचगडच्या बाया म्हणजे शामकलाच्या बियाणे गटातल्या बाया. त्याने विळा गोठ्याच्या छपरात खोचला आणि मोटरसायकल काढली.

गटाचं ऑफिस म्हणजे एक खोली. अर्ध्या भागात बियाण्याचे डबे, प्रत्येकावर धानाच्या वाणाची चिठ्ठी: हिरानखी, लुचई, दुबराज. अर्ध्या भागात टेबल, त्यावर लॅपटॉप आणि लॅपटॉपसमोर दिव्या. शाळेत शामकलाने तिला कॉम्प्युटर शिकवला होता. पुढे तिने गोंदियाला कोर्स केला, आणि शामकला मॅडमने बनवलेली गटाची वेबसाइट दोन आठवड्यांपासून तीच बघत होती. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात मोबाइल.

"आला पाहा नोंदणीवाला!" रुख्मा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

दिव्या हसली नाही. तिचे डोळे लाल झाले होते.

"काका, सकाळी सहापासून बसली आहो. मेळ्याच्या नोंदणीचं नवीन पान बनवलं. काही चुकलं नाही त्यात. पण लिंक दाबली का हेच येते." तिने स्क्रीन वळवली.

पानावर वर लिहिलं होतं, 'वाट चुकली का? या नंबरवर फोन करा.' खाली त्याचा नंबर होता.

"हे तू टाकलं?"

"नाही जी. मॅडमचं जुनं एररचं पान आहे ते. पत्ता सापडला नाही का दिसते."

देवरीच्या बियाणे मेळ्याची यादी दुपारी तीन वाजता आयोजकांच्या कॉम्प्युटरवर इथूनच उचलली जाणार होती. ज्या बाईचं नाव आणि वाण यादीत असेल तिलाच जागा. यादी रिकामी गेली तर गटाची जागा दुसऱ्याला. शामकलाने त्या जागेसाठी तीन वर्षं अर्ज केले होते. जागा यंदा मिळाली.

घड्याळात साडेबारा झाले होते.

शालीकरामने खुर्ची ओढली. कॉम्प्युटरमधलं त्याला काही कळत नव्हतं. पण चौतीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. लाइट गेली की खांबाखांबाने चालत जाऊन कुठे तुटलं ते शोधायचं.

"बिघडलं का कुठं लिहून येत असंल ना? आमच्याकडं फ्यूज उडते."

"लॉग म्हणते त्याले. कोरा आहे. सर्व्हर म्हणते सब ठीक आहे, दोनशे नंबरचा कोड. पान नसतं तर चारशे चार दिलं असतं." बोलता बोलता दिव्या थांबली.

"फ्यूज उडाला नाही अन् घरात उजेड नाही," शालीकराम सावकाश म्हणाला, "म्हणजे लाइन तुटली नाही, पोरी. करंट दुसरीकडंच जाऊन राहिला. तुह्या पानाची लाइन कुठून जाते, दाखव मले."

तिने एक फाइल उघडली. कोणी कोणता पत्ता मागितला तर त्याला कोणतं पान द्यायचं, त्याची ती यादी होती. सत्तरएक ओळी. मागणी आली की यादी वरून खाली वाचली जाते, आणि पहिली जुळणारी ओळ सापडली की वाचणं तिथंच थांबतं. दिव्याने आपल्या दोन ओळी सगळ्यात शेवटी लिहिल्या होत्या.

"टोकावरचं घर," तो म्हणाला. "टोकावर उभं राहून किती टेस्टर लावशील? उचल ह्या दोन ओळी अन् मधल्या खांबावर लाव."

"जागा बदलून काय होईल काका? ओळी त्याच आहेत ना."

"लावून तर पाह्य."

तिने ओळी उचलून यादीच्या मध्यावर ठेवल्या. लिंक दाबली.

नोंदणीचं पान उघडलं. नाव, गाव, वाण, फोटो.

 मग दिव्या खुर्चीवरून उठली आणि जोरात ओरडली, "रुख्माबाई, भर!"

रुख्माने चष्मा लावला. एका बोटाने नाव लिहायला तिला पाच मिनिटं लागली. वाणाच्या जागी तिने हिरानखी लिहिलं आणि बटण दाबलं. दिव्याच्या स्क्रीनवर एक ओळ उमटली.

"गेलं माह्यं?"

"गेलं!"

"पहिला नंबर माहा!" रुख्माने मोबाइल वर धरला. "सांगा आता तुमच्या नवऱ्यायले!"

मग एकच गलका झाला. कोणी फोटोसाठी डब्यातून लोंब्या काढू लागलं, कोणी दुसरीच्या मोबाइलमध्ये डोकं घालून तिच्या चुका काढू लागलं. दुसऱ्या गावांतल्या बायांना फोन गेले. दोन वाजता यादीत सव्वीस नावं होती, अडीचला एकेचाळीस. तीनला पाच मिनिटं असताना सुलोचनाबाईचं लुचई चढलं आणि आकडा त्रेपन्नवर गेला. तीन वाजता यादी उचलली गेल्याची खूण आली. रुख्माने मुठीने भिंत बडवली. बाहेरच्या सायकलवाल्याने थांबून आत पाहिलं.

"झालं काका! तुम्ही तं कमाल केली," दिव्या म्हणाली.

"चालू झालं. फॉल्ट कुठं सापडला?" शालीकराम जागचा हलला नव्हता. "उद्या पुन्हा तिथंच जाशील. खाली सरक."

दिव्याने ओळी थोड्या खाली नेल्या. चालल्या. आणखी खाली नेल्या. चालल्या. अगदी शेवटच्या जुन्या ओळीच्या वरही चालल्या. तिच्या खाली ठेवल्या, आणि पुन्हा तेच पान आलं. वाट चुकली का.

"ही ओळ," दिव्या म्हणाली. "हे एररचं पान नाहीच काका. मॅडमनं मुद्दाम ठेवलं. वर कुठंच जुळलं नाही का जे उरलं ते सगळं ही ओळ घेते. म्हणून माझ्या ओळीपर्यंत काही पोचतच नव्हतं." तिने स्क्रीनकडे वाकून पाहिलं. "वर टीपही आहे मॅडमची. मी वाचलीच नाही. सरळ खाली जाऊन लिहिलं."

"काय आहे?"

"'याखाली काही लिहू नये. जो कुठेच पोचला नाही, त्याला यांच्याकडे पाठवावे.'" ती अडखळली. "यांच्याकडे म्हणजे?"

शालीकराम स्क्रीनकडे वाकला. टिपेखाली तारीख होती. त्या दिवशी ते दोघं नागपूरला दवाखान्यात होते. पलंगावर उशी उभी करून शामकला मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मध्येच वर बघून तिने विचारलं होतं, "तुमचा नंबर हाच राहणार ना हो?" तो म्हणाला होता, "हाच राहील. कायले बदलू?" ती बरं म्हणाली आणि पुन्हा टाइप करू लागली.

त्याने खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. काचेवर गवताचं एक पातं चिकटलं होतं, ते अंगठ्याने काढलं.

"काका, तुमचा नंबर काढून टाकू का पानावरून?" दिव्याने विचारलं. "लोक तकलीफ देत असतील."

बाया लोंब्या पुन्हा डब्यांत भरत होत्या. रुख्मा कोणाला तरी फोनवर त्रेपन्न, त्रेपन्न असं सांगत होती.

"नंबर राहू दे," शालीकराम म्हणाला. "खाली फक्त वेळ टाक. दुपारी बाराच्या नंतर. बारापर्यंत मी गवतात राहतो, हातात विळा असतो."