इथे वाट पाहा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्यावर जे लिहिलंय ते चूक आहे. आणि ती चूक माझी नाही. मी आपली एक जुनी लाकडी पाटी, डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात, कड्याच्या वळणावर खांबाला ठोकलेली. पाटी स्वतःवर काही लिहीत नाही. तिच्यावर लोक लिहितात आणि मग लोकच तिला हसतात. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. पाटीला कान कुठून आले, असं विचारू नका. पाटी बोलते ते तुम्हाला चालतं, मग कानांनीच काय घोडं मारलंय?

मी मूळची पुलाची फळी. उद्यानाच्या दाराशी ओढ्यावर लाकडी पूल होता, तो काढून लोखंडी केला, आणि आम्ही फळ्या गोदामात जाऊन पडलो. तिथून सुताराने मला निवडलं. रंधा मारला, कोपरे गोल केले. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोलू? पण त्याची बायको वर्षभर ‘स्वयंपाकघरात एक फळी लावा’ म्हणून त्याच्या मागे लागली होती. अशी घासूनपुसून तयार झालेली फळी समोर दिसल्यावर त्याला मोह आवरेना. त्याने माझा चांगला हातभर तुकडा कापला, पिशवीत घातला आणि घरी नेला. वनरक्षकाला सांगितलं, “तेवढं लाकूड किडकं होतं.” किडकं म्हणे! माझ्या अंगाला आजवर कीड शिवलेली नाही.

मग आला रंगारी. तेव्हाच्या वनरक्षकाला सगळे मिशीकाका म्हणायचे. मिशीकाकांनी त्याला बजावून सांगितलं, “लिही, ‘इथे वाट पाहून चाला’.” कारण या वळणावर पायवाट अरुंद आहे. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला दरी. येणारे लोक डोंगराकडे बघत चालतात आणि पायाखाली काय आहे ते देवाच्या भरवशावर सोडतात. तर रंगाऱ्याने झोकात सुरुवात केली. एकेक अक्षर असं ठळक, की आंधळ्यालाही दिसावं. ‘इथे वाट पा’ इथपर्यंत आला आणि माझी लांबी संपली. ‘हून चाला’ काही बसेना. ‘हा’ बसत होता. त्याने ‘हा’ लिहिला आणि ब्रश धुवायला घेतला.

मिशीकाकांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. “अरे, ‘वाट पाहा’ काय? कोणाची वाट पाहायची लोकांनी?”

“कोणाची म्हणजे? वाटेची,” रंगारी म्हणाला. “खाली वाट आहे की नाही? ती पाहा. काय चुकलं?”

“लोक इथे थांबून राहतील ना, बाबा!”

“काहीतरीच काय! एवढी अक्कल असते लोकांना.”

“तू लोक पाहिलेले नाहीस,” मिशीकाका म्हणाले. पण दुसरी फळी तयार नव्हती आणि सुट्ट्यांची गर्दी दाराशी येऊन ठेपली होती. “लावू तात्पुरती,” असं म्हणून त्यांनी मला ठोकलं. मित्रांनो, ‘तात्पुरतं’ या शब्दावर कधी विश्वास ठेवू नका. मिशीकाका निवृत्त झाले, त्यांच्यानंतरचा निवृत्त झाला, मी आपली तात्पुरतीच.

आणि लोक थांबायला लागले हो! एका कचेरीतले साताठ जण आले होते. त्यांना वाटलं, इथून पुढे न्यायला कोणी वाटाड्या येणार. बसले. डबे उघडले, संपवले, एकाने तर डुलकी काढली. शेवटी तसेच खाली उतरले आणि दाराशी जाऊन तक्रार केली की तुमचा माणूस आलाच नाही. एक शिक्षक आपल्या वर्गाला घेऊन आले. “मुलांनो, सूचना पाळण्यासाठी असते,” म्हणाले, आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. पाच मिनिटांनी एका मुलीने विचारलं, “सर, कोणाची?” तेव्हा सर माझ्याकडे असे पाहायला लागले, जसं काही मीच त्यांना तोंडघशी पाडलं.

पुढे कोणा विनोदवीराने माझ्या खालच्या बाजूला कोळशाने ‘कोणाची?’ असं लिहिलं. दुसऱ्याने खिळ्याने त्याच्याखाली कोरलं, ‘तिची’. शेजारी एक बदाम. झालं, दार उघडं मिळालं! मग ज्याच्या हातात चाकू त्याने आपलं नाव कोरायचं. कोणी माझ्यावर ओले मोजे वाळत घातले. कोणी केळ्याची सालं माझ्या खांबावर अडकवली, त्यासाठी माकडं आली, आणि माकडांनी मला काय काय केलं ते मी चारचौघांत सांगणार नाही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माझा खरा वैताग वेगळाच आहे. माझ्या पुढे, त्या वळणाच्या पलीकडे, आधी धबधबा आहे, मग तळं, मग रानफुलांचं पठार. लांबलांबून लोक ते पाहायला येतात. मी मात्र वळणाच्या अलीकडे. मला धबधब्याचा आवाज येतो, दिसत काही नाही. म्हणून परत येणाऱ्यांच्या बोलण्याकडे मी कान लावून बसते. आणि ते काय बोलतात? “भारी होतं!” “एक नंबर!” एक बाई फोनवर आपल्या बहिणीला सांगत होती, “काय सांगू तुला, शब्दच नाहीत.” अगं, नाहीत तर शोध ना! इतकी वर्षं झाली, इतके लोक गेले, पण धबधबा कसा आहे ते एकालाही धड सांगता येऊ नये म्हणजे कमाल आहे.

गेल्या पावसाळ्यात या वळणावर पायवाटेचा दरीकडचा अर्धा भाग ढासळला. माझ्यापासून जेमतेम चार पावलांवर. खडकाला चिकटून गेलं तर जाता येत होतं, पण त्यासाठी ते भगदाड दिसायला हवं. आताची वनरक्षक एक तरुण मुलगी आहे. गळ्यात सदैव शिट्टी, म्हणून तिला शिट्टीताई म्हणतात. तिने तिथे दोरी बांधली आणि साहेबांकडे नव्या पत्र्याच्या पाटीची मागणी केली. साहेब म्हणाले, येतेय. दोरीचं काय झालं विचारा. एका गृहस्थाला गाडीच्या टपावर सामान बांधायला दोरी हवी होती. त्याने ती सोडून नेली. वर बायकोला म्हणाला, “कशी मजबूत मिळाली बघ!” मी लाकडाची नसते तर त्याच्या पाठीत एक घातली असती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपार कलताना, एक मुलगा आणि त्याचे म्हातारे वडील वर आले. मुलगा म्हणजे चांगला बाप्या माणूस, गळ्यात कॅमेरा. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती खाली दाराशी बाकावर बसली होती, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं. मुलगा पुढे, वडील मागे. मुलगा वळण ओलांडून गेला. वडील माझ्यापाशी पोहोचले तोवर दरीतून धुकं वर चढलं आणि पायवाट नाहीशी झाली.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. एकेका अक्षरावर बोट फिरवत मोठ्याने वाचलं, “इथे वाट पाहा.”

आता हा विचारणार, कोणाची. मला पाठ झालं होतं. पण तो म्हणाला, “बरं.”

इतक्या वर्षांत माझ्याशी वाद न घालणारा हा पहिला माणूस. मग त्याने कपाळ चोळलं. “पण कोणाची पाहत होतो मी?” असं स्वतःशीच पुटपुटला, खाली वाकला आणि तो कोरलेला शब्द त्याला दिसला. “हां, तिची,” म्हणाला, आणि माझ्या पायाशी दगडावर निवांत बसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. या माणसाचं मन गळक्या माठासारखं झालं होतं. कुठे आलोय, कोणाबरोबर आलोय, काहीच त्यात टिकत नव्हतं.

धुक्यात धबधब्याचा आवाज मोठा झाला. म्हाताऱ्याने मान वळवली. “पाणी पडतंय,” तो म्हणाला. आणि मग, मित्रांनो, तो माझ्याशी बोलायला लागला. “आम्ही आलो होतो ना, लग्न झाल्यावर. दुकानात कापड बेतायच्या आधी मी मलमलीचं ठाण उलगडतो की नाही, गिऱ्हाइकापुढे? वरून सोडलं की खाली येता येता हवा भरते त्यात, फुगतं. तसं ते पाणी येतं. सावकाश. तळाला पोहोचलं की मग घडी नाही, काही नाही, नुसता पांढरा ढीग. तिने नवी शाल पुढे धरली, भिजवायला. मी म्हटलं, अगं, चांगलं कापड आहे, खराब होईल. तर म्हणते, होऊ दे.”

शिंपी होता तर. अंगातला कोट त्याने स्वतःच शिवलेला असणार, बटणं अशी एका ओळीत होती. इतक्या वर्षांनी मला धबधबा दिसला, आणि मला त्याचं सुख घेता येईना. कारण शिंपीबाबा उठला होता. “आली वाटतं,” असं म्हणून तो धुक्यात पुढे निघाला. एक पाऊल, दोन पावलं. अहो, पुढे वाट नाही! अहो बाबा, बसा! माझा जीव खांबात मावेना. आयुष्यभर नको तितकं बडबडले मी मनातल्या मनात, आणि आता गरज पडली तर घशातून आवाज निघेना. तिसऱ्या पावलाला तो थांबला. “नाही, नाही. थांबायला सांगितलंय,” म्हणाला, आणि परत येऊन बसला.

माझ्यावर मिशीकाकांच्या मनासारखं लिहिलं असतं, तर तिथे ‘चाला’ असतं. आणि हा सांगितलेलं ऐकणारा माणूस होता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून शिट्टी वाजली. आधी शिट्टीताई आली आणि तिच्या खांद्याचा आधार घेत, गुडघ्यांवर हात दाबत एक म्हातारी. मुलगा धबधब्यापासून दुसऱ्या, जवळच्या वाटेने परस्पर खाली उतरला होता. वडील त्याच्याबरोबर नाहीत हे पाहताच म्हातारी या वाटेने निघाली. मुलाला तिने उतरला त्याच वाटेने परत पिटाळलं होतं.

“अहो!” म्हातारी दुरूनच ओरडली. “कुठे कुठे शोधायचं हो तुम्हाला? जीव गेला की माझा! इथे काय करताय?”

शिंपीबाबा अदबीने उभा राहिला. कोटाचं वरचं बटण लावलं. “बसा बाई, दमलेल्या दिसता,” तो म्हणाला. “तुम्हीपण वाट पाहताय का?”

म्हातारीच्या तोंडात आणखी पुष्कळ होतं, ते तिथेच राहिलं. ती दगडावर बसली. “हो,” म्हणाली.

“कोणाची?”

“माझ्या नवऱ्याची.”

“येतील, येतील. मीपण बायकोची पाहतोय. तिचे गुडघे दुखतात, सावकाश येते. मी पुढे जात नाही कधी. थांबतो.”

म्हातारीने त्याचा हात हातात घेतला. त्याने थोडा वेळ घेऊ दिला. मग अवघडून इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “बाई, हात सोडा. माझी बायको येईल आता.”

“येऊ दे,” म्हातारी म्हणाली, आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. हात मात्र तिने सोडला नाही. शिट्टीताईने तोंड फिरवलं आणि उगाचच जोरजोरात शिट्टी वाजवली.

त्या शिट्टीच्या रोखाने मुलगा वरच्या बाजूने धावत आला, खडकाला चिकटून, पांढराफटक पडलेला. आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “आई, मला वाटलं, येतील मागून. आलेच नाहीत, तेव्हा वाटलं, दमून परत तुझ्याकडे गेले असतील.”

आता पत्र्याची पाटी आली आहे. लालभडक, शुद्ध, भगदाडाच्या अलीकडे. माझी रवानगी खाली दाराशी, बाकाजवळ झाली आहे. धबधब्याचा आवाजही इथवर पोहोचत नाही. मोजे मात्र बरोबर पोहोचतात.

मित्रांनो, पाट्यांवर नावं कोरू नका, बांधलेल्या दोऱ्या सोडू नका, हे मी सांगून सांगून दमले. तुम्ही ऐकणाऱ्यातले नाही, ठाऊक आहे मला. निदान एवढं तरी ऐका. सोबतचं माणूस मागे पडलं तर ‘येईल मागून’ म्हणून पुढे जाऊ नका. तो मुलगा काही वाईट नव्हता. वळणावर त्याने एकदा मागे वळून पाहिलंही होतं. वडील चालत होते, म्हणून तो निघून गेला.