मनाचा प्रश्न

थोरलीनं चादरीची दोन टोकं पकडली आणि झटका दिला. पलीकडची दोन टोकं धाकटीच्या हातात होती. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकांना टोकं भिडली, घडी पडली. रुग्णालयाच्या या धुलाईखान्यात दोघी जावा बारा वर्षं अशा समोरासमोर चालत आल्या होत्या आणि दिवसाला चारशे चादरींच्या घड्या घालत होत्या. पूर्वी त्या घड्या घालताना सासूबाईंच्या नकला करत. आता धाकटी चालता चालता इंग्रजी पुटपुटे.

"ताई, तुम्ही पण म्हणा ना. तोंडी परीक्षा उद्यावर आली."

"माझं झालंय," थोरली म्हणाली. "तू चादर नीट धर. लोंबतेय."

चादर लोंबत नव्हती.

सहा महिन्यांपूर्वी कपड्यांच्या कोठारातली बाई निवृत्त झाली आणि तिची खुर्ची रिकामी पडली. खुर्ची कसली, सुखच ते. वाफ नाही, ओले गठ्ठे नाहीत, दिवसभर पंख्याखाली बसायचं आणि किती चादरी गेल्या, किती आल्या ते कॉम्प्युटरवर भरायचं. अट एवढीच, की मराठी लिहिता-वाचता यायला हवं आणि इंग्रजी-कॉम्प्युटरचा प्रौढांसाठीचा वर्ग केलेला हवा. धाकटीनं त्याच दिवशी दुपारच्या वर्गात नाव घातलं. थोरली चार दिवस घरात भांडी आपटत राहिली आणि पाचव्या दिवशी तिनंही घातलं.

"मी आपली सोबतीला जाते," तिनं सासूबाईंना सांगितलं. "एकटी कुठं जाईल ती."

धाकटी एकटी भाजीला, बँकेत, नवऱ्याला घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे जात होती. पण ते कुणी बोललं नाही. वर्गातही थोरलीनं हेच सांगितलं आणि सगळ्यांना तिचं फार कौतुक वाटलं. मागच्या बाकावरचा रिक्षावाला तर तिला सोबतीणच म्हणू लागला.

वर्ग एका शाळेत भरे, मुलं घरी गेल्यावर. बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठ्यांचे गुडघे वर येत. कॉम्प्युटर सहा आणि माणसं बारा, म्हणून एकेकावर दोघं बसत. जावा एकीला एक चिकटून आलेल्या, मॅडमनी त्यांना एकत्रच बसवलं. थोरलीनं मोठेपणाच्या मानानं कीबोर्ड आपल्याकडे घेतला. पण ओली चादर पिळायची सवय असलेली बोटं ती. कळ दाबली की दाबूनच धरत, आणि एकच अक्षर दीड ओळ पळत सुटे. धाकटीची बोटं मात्र टपटप चालत. मॅडम मागून जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून "वा" म्हणत, आणि त्या एका अक्षरानं थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबत. घरी गेल्यावरही ते "वा" कानातून जात नसे. आमटीत मीठ कमी पडलं तरी तिला वाटे, हे त्या "वा"मुळेच.

आपण जळतो आहोत हे तिला पक्कं माहीत होतं. त्याची लाजही वाटे, पण लाज वाटून जळफळाट कमी होत नाही. या घरात पहिली सून म्हणून तिला आणलं होतं. धाकटीला घर कसं चालतं ते तिनं शिकवलं, धुलाईखान्यात तिनंच चिकटवलं, चादरीचं टोक कसं धरायचं तेसुद्धा तिनं दाखवलं. आणि आता ती खुर्चीवर बसणार, आणि थोरलीनं वाफेतून येऊन तिच्यासमोर गठ्ठे मोजून द्यायचे. ते चित्र डोळ्यांसमोर आलं की थोरलीला घास जात नसे.

लेखी आणि कॉम्प्युटर धरून धाकटी तीन मार्कांनी पुढे होती. तीनच. थोरलीनं पाठांतराच्या जोरावर खिंड लढवली होती. कोठाराच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, दोघींपैकी जिला जास्त मार्क, तिला खुर्ची. आता उरली होती फक्त तोंडी परीक्षा, वीस मार्कांची. जोडीदारानं जोडीदाराला विचारायचं. दहा मार्कांचे प्रश्न मॅडमनी छापून दिलेल्या कागदावरचे, आणि शेवटचा एक प्रश्न मनाचा, विचारणाऱ्यानं स्वतः बनवलेला. त्याच्या उत्तराला उरलेले दहा.

त्या मनाच्या प्रश्नावर थोरली दोन दिवस बसली. शेवटी सापडला. धाकटीनं शाळा का सोडली? साऱ्या नात्यागोत्यात माहीत होतं की तिचं डोकं अभ्यासात चालत नव्हतं, म्हणून सोडली. हे सगळ्यांना कुणी सांगितलं होतं, तर थोरलीनंच. लग्नाच्या वेळी शेजारणी विचारायच्या, पोरीची शाळा अर्धवट का, तेव्हा काहीतरी सांगायला हवं होतं. सतरा वर्षं सांगून सांगून तिला स्वतःलाही ते खरंच वाटायला लागलं होतं. भर वर्गात, मॅडमसमोर, ते इंग्रजीत कबूल करायचं म्हणजे हुशारीचा फुगा फुटलाच. ती अडखळेल, रडेल, गप्प बसेल. काहीही चाललं असतं. तिनं पुस्तकातल्या वाक्यांचे तुकडे जोडून प्रश्न बांधला. कुणाच्या मदतीशिवाय बांधलेलं ते तिचं पहिलं इंग्रजी वाक्य होतं, आणि तिला त्याचा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा नंबर चौथा लागला. दोघी फळ्यासमोर खुर्च्या टाकून बसल्या. थोरलीनं कागदावरचे प्रश्न विचारले. तू कुठे काम करतेस, किती वाजता उठतेस, तुझ्या हातात काय आहे. धाकटीनं खळखळ न करता उत्तरं दिली.

"आता मनाचा," मॅडम म्हणाल्या.

थोरलीनं कागद मांडीवर पालथा घातला.

"व्हाय डिड यू लीव्ह स्कूल?"

 धाकटीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, परत सोडलं. थोरली खुर्चीच्या कडेवर सरकून बसली, आणि तिला आनंद झाला होता हे नाकारण्यात अर्थ नाही.

"वेळ घ्या," मॅडम म्हणाल्या.

मग धाकटी बोलू लागली. इंग्रजीतच, पुस्तकातल्यासारख्या लहान लहान वाक्यांत. मी अठरा वर्षांची होते. परीक्षेला चार महिने होते. एक बाई आमच्या घरी आली. तिला तिच्या दिरासाठी मुलगी हवी होती. माझे वडील म्हणाले, चार महिने थांबा. ती बाई म्हणाली, घरात काम फार आहे, थांबता येणार नाही. ती म्हणाली, मुलीचे हात चांगले आहेत, शाळा काय करायची आहे. मी दाराआड उभी होते. वडिलांनी माझी पुस्तकं शेजारच्या मुलीला दिली. तिला भूगोल आवडत नव्हता. मला आवडत होता.

ती थांबली. सगळा वेळ ती मॅडमकडे बघून बोलली होती.

गेल्या सहा महिन्यांत इंग्रजीत कुणी दोन वाक्यं सलग बोललं की थोरलीचं दुसरं वाक्य निसटायचं. आज एकही शब्द अडला नाही. ती खोली, ते बाकडं, चहाचा कप हातात घेऊन "हात चांगले आहेत" म्हणणारी आपण, सगळं तिला दिसलं. दाराआड कुणी उभं होतं हे तेवढं तिला आजवर माहीत नव्हतं. आणि तरीही, लाज वाटायच्या आधी, तिला हेवाच वाटला. इतकं सरळ बोलता येण्याचा.

"फारच छान," मॅडम म्हणाल्या. "दहापैकी दहा. आणि प्रश्नही चांगला काढलात हं तुम्ही."

थोरलीनं मान हलवली.

"आता तुम्ही विचारा यांना."

धाकटीनं कागदावरचे सोपे प्रश्न विचारले. थोरलीनं पाठ केलेली उत्तरं दिली, एकदा चुकली, एकदा सावरली. दहापैकी आठ मिळाले. मग मनाचा प्रश्न आला. धाकटीनं तो कागदावर लिहून आणला होता, पण तिनं कागदाकडे बघितलं नाही. थोरलीकडे बघितलं.

"व्हाय डिड यू कम टू धिस क्लास?"

मागच्या बाकावरून रिक्षावाल्यानं सुस्कारा टाकला. हा तर साऱ्यांनी पाठ केलेला प्रश्न. थोरलीकडेही त्याचं आठ वाक्यांचं उत्तर तयार होतं. कुटुंबासाठी, मुलांच्या भविष्यासाठी, शिक्षणाला वय नसतं, वगैरे. ती वाक्यं ओळीनं जिभेवर येऊन उभी राहिली.

"बिकॉज," ती म्हणाली आणि थांबली.

"हं, बिकॉज?" मॅडमनी धीर दिला.

"बिकॉज शी केम."

वर्गात कौतुकाचं हसू पसरलं. "जाऊ असावी तर अशी," रिक्षावाला म्हणाला. मॅडमही हसल्या, पण पेन हातात तसंच होतं.

"गोड आहे उत्तर. पण एका वाक्याला मी तीनच देऊ शकते. अजून बोला ना, तुम्हाला येतं सगळं. मी ऐकलंय तुम्हाला पाठ करताना."

"इतकंच आहे," थोरली म्हणाली.

"नक्की?"

"हो. खरं तेवढंच."

मॅडमनी तीन लिहिले आणि पुढच्या जोडीला हाक मारली. पुढची जोडी खुर्च्यांपाशी येऊन उभी राहिली तरी धाकटी उठली नाही. सगळा वर्ग हसला होता. ती हसली नव्हती.