भिंतीतले चार दगड

ग्रीक बेटावरच्या आमच्या पाहुणघराच्या दाराशी एक काळी पाटी आहे. खोल्या चारच, पण उन्हाळ्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला सकाळच्या कॉफीबरोबर एकच प्रश्न पडतो, आज काय करायचे? म्हणून मी खडूने लिहून ठेवते. कबुतरखान्यांची दरी. संगमरवर घडवणाऱ्यांची आळी. स्तामाताच्या गोठ्यात सातला ताजे चीज. आणि चौथी ओळ: संत फानुरिओसचे चर्च, चालत चाळीस मिनिटे, किल्ली दारावरच्या खिळ्याला, पाणी सोबत घ्या.

त्या चर्चमधला दिवा लावण्याचे आणि भिंतींना चुना देण्याचे काम पिढ्यानपिढ्या माझ्या सासरकडे आहे. सासूनंतर ते माझ्याकडे आले.

ऑगस्टच्या सुरुवातीला झानिस आला. चर्चच्या टेकडीचे दोन्ही उतार अथेन्सच्या एका मालकाने घेऊन तिथे आठ बंगले बांधले आहेत. झानिस त्यांचा व्यवस्थापक. आमच्याच गावचा, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. त्याने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली.

"अनेझामावशी, ती चौथी ओळ पुसावी लागेल."

"का? चर्च उठून कुठं गेलं का?"

"वाट आता मालकाच्या हद्दीतून जाते. तिथं आमचे पाहुणे लग्नं लावतात, त्यांना एकांत लागतो. फाटक बसवलंय, उद्यापासून कुलूप."

"वाट होती तिथंच आहे. हद्द तुमची आली."

"तू शनिवारी ये ना दिवा लावायला. मी उघडून देईन. तुझ्यापुरतं."

"किल्ली खिळ्याला असते झानिस, ती माझ्यापुरती नसते."

त्याने टोपी हातात फिरवली. "बंगले भरले की उरलेली माणसं मी तुझ्याकडे धाडतो. तेवढं ध्यानात ठेव."

त्यात खोटे काही नव्हते. त्याच माणसांच्या पैशावर माझा हिवाळा निघतो. तो गेल्यावर मी चौथी ओळ पुसली, आणि त्याच जागी अधिक ठळक अक्षरांत पुन्हा लिहिली.

सत्तावीस तारखेला संताचा सण. हरवलेले सापडावे म्हणून या संताला नऊ जिनसांचा केक वाहतात. पाद्रीबाबांनी त्याच्यावर प्रार्थना म्हटली की भेटेल त्याला तुकडा द्यायचा, कोणाला वगळायचे नाही. पहाटे मी संत्र्याचा रस, दालचिनी, अक्रोड घालून केक भाजला. निघालो तेव्हा पुढे पाद्री सावासबाबा, मागे गावातली दहाबारा माणसे, माझ्याकडे उतरलेले डॅनिश मास्तर आणि त्यांची बायको, आणि सगळ्यात शेवटी फ्रांजेस्कोस. त्याच्या हातचे गडगे, नुसत्या दगडावर दगड रचलेल्या भिंती, या बेटावर अर्ध्या शेतांना आहेत.

"काय हरवलंय यंदा, अनेझा?" त्याने विचारले.

"अजून काही नाही. हरवू नये म्हणून केलाय."

फाटकाला कुलूप होते, दोन्ही बाजूंना नवा बांधलेला गडगा. पलीकडे झानिस उभा होता.

"आज बंगल्यातलं लग्न आहे," तो म्हणाला. "बाबा, तुम्ही प्रार्थना इथंच म्हणा."

"संताचं घर तिथं आणि मी रस्त्यावर म्हणू?" सावासबाबा म्हणाले. "तुझा बाप्तिस्मा काय फाटकात केला होता मी?"

कोणी हसले, पण कुलूप हलले नाही. उन्हात माणसे चुळबुळू लागली. मास्तरांच्या बायकोने माझ्याकडे पाहिले. मी केकचे ताट या हातातून त्या हातात घेतले.

तेवढ्यात फ्रांजेस्कोस गडग्याच्या कडेने डावीकडे चालू लागला. दहा पावलांवर थांबून त्याने छडीने भिंतीवर टकटक केली. भिंतीतून चार लांब दगड बाहेर आले होते, एकावर एक, तिरके चढत गेलेले. गुरांना न जमणारा आणि माणसाला जमणारा जिना.

झानिसचा चेहरा उतरला. "हे कोणी ठेवलं?"

"मी. तुझा मालक म्हणाला, भिंत जुनी होती तशीच बांध, पाहुण्यांना आवडते. जुनी होती तशीच बांधली. पायऱ्यांशिवाय गडगा कसा बांधतात, ते मला कोणी शिकवलं नाही."

"उद्याच काढून टाकतो."

"काढ की. ते या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार गेलेत. एक ओढलास तर सगळी भिंत मांडीवर घेऊन बसशील."

मी पहिल्या दगडावर पाय ठेवला. भिंतीच्या माथ्यावर पोहोचल्यावर कळले की केक हातात घेऊन पलीकडे उतरता येणार नाही. पलीकडे भिंतीच्या पायथ्याशी झानिस येऊन उभा होता.

"धर," मी म्हणाले.

संताचा केक जमिनीवर पडू देणारा माणूस आमच्या गावात जन्मलेला नाही. त्याने दोन्ही हात पुढे केले. मी उतरले, माझ्यामागून बाबा झगा सावरत उतरले, मग एकेक करून सगळे. तोवर तो ताट धरून उभाच होता.

"मावशी, मालक मला ठेवणार नाही," तो हळूच म्हणाला.

"ठेवलं नाही तर माझ्या घरी ये. पण त्या ओळीबद्दल पुन्हा बोलू नकोस."

लग्नाचे पाहुणे चर्चच्या अंगणात खुर्च्या मांडत होते. प्रार्थना झाल्यावर मी त्यांनाही एकेक तुकडा दिला. नवरीने दोन घेतले.

त्या आठवड्यात बंगल्यांकडून माझ्याकडे कोणी आले नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. दोन खोल्यांच्या खिडक्या मी बंद करून घेतल्या. पाटी मात्र रोज लिहिते. चौथी ओळ आता अशी आहे: संत फानुरिओसचे चर्च, चालत चाळीस मिनिटे, फाटकाला कुलूप असल्यास डावीकडे दहा पावले, चार दगड, किल्ली खिळ्याला, पाणी सोबत घ्या.