दुसरी जाळी

पोहण्याच्या पुलाच्या तळाच्या टाइल्स एकेक इंचाच्या होत्या, त्यामुळे मोजणं सोपं होतं. पंप पाणी ओढून घेतो त्या जाळीपासून अकराव्या टाइलवर काठीला बांधलेला लाल लोकरीचा दोरा सरळ लोंबत होता. दहाव्या टाइलवर त्याचं टोक जरासं वळलं. आठव्यावर दोरा आडवा झाला, आणि सहाव्यावर इतका ताठ झाला की पलीकडून कुणीतरी तो धरून ओढतंय असं वाटावं.

अहल्येनं काठी मागे घेतली, दोरा पुन्हा लोंबू दिला आणि तेच परत करून पाहिलं. तिसऱ्या वेळीही दहाव्या टाइलवरच टोक वळलं. तिच्या हिशेबानं ते पाचव्या-सहाव्या टाइलवर वळायला हवं होतं.

गुरुवारची सकाळ होती. जयनगरच्या या चार मजली घरात चारही भावांची कुटुंबं राहत, आणि तळमजल्याच्या मागच्या बाजूला हा छोटा पोहण्याचा पूल होता. थोरले भाऊ विठोजी, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, रविवारी पंचाहत्तर वर्षांचे होणार होते. पुलाच्या दगडी भिंतीवरून पाण्याचा पडदा पडावा ही त्यांची हौस. गाळण्याच्या जुन्या पंपालाच तो पडदा जोडून पाहिला, तर गळक्या नळासारखी धार आली. मग पडद्यापुरता वेगळा पंप घ्यायचं ठरलं. अहल्या त्यांची सर्वांत धाकटी बहीण. पस्तीस वर्षं मल्लेश्वरमच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासून ती निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं, राहायची अण्णांच्याच घरात. पंप किती ताकदीचा, पाईप किती जाडीचा, सगळं तिनंच काढून दिलं होतं. अण्णा येईल-जाईल त्याला सांगत, "आमच्या अहल्येचा आकडा आहे. चुकला तर मिशी काढीन."

तिनं काठी उचलली आणि दुसऱ्या जाळीकडे निघाली. नकाशात तळाला दोन जाळ्या होत्या, एकमेकींपासून चार फुटांवर. पंप दोन्हींतून निम्मं-निम्मं पाणी ओढणार, म्हणजे कुठल्याच जाळीवर ओढ फार नाही, असा तिचा हिशेब होता. चार फूट मोजून तिनं दोरा खाली सोडला. तो सरळ लोंबत राहिला. खाली जाळी नव्हतीच. तिथं निळ्या-गुलाबी टाइल्सचं मोठं कमळ होतं.

ते कमळ तिनं वर्षभर रोज पाहिलं होतं. अण्णांच्या पत्नी, रत्नाबाई वैनी, दारात काढायच्या त्या रांगोळीतलं ते कमळ. त्या गेल्यावर अण्णांनी ते तळात बसवून घेतलं होतं. त्याच्याखाली काय होतं हे विचारायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

पंपाच्या खोलीत गुंडो पाईपचा जोड आवळत होता. शिवाजीनगरचा हा प्लंबर, तीस वर्षं या घराचे नळ बघत आलेला.

"गुंडो, तळाची दुसरी जाळी कुठं गेली?"

"ती काय, कमळाखाली, अक्का. गेल्या वर्षी टाइल्स बदलल्या नाही का? अण्णा म्हणाले, वैनींच्या कमळाला मधोमध भोक नको. सिमेंट भरून टाकलं." त्यानं हात फडक्याला पुसले. "जुना पंप वरच्या कडेनंच पाणी घ्यायचा. त्याला काही फरक पडला नाही."

"आणि नवा?"

"नवा तळातूनच घेतो सगळं. तुम्हीच तसं लिहून दिलंत की. सही आहे तुमची."

त्यानं सहज म्हटलं, टोमणा नव्हता.  तिनं मनातल्या मनात भागाकार केला. दोन जाळ्या धरून पाण्याचा वेग सेकंदाला अठ्ठावीस सेंटिमीटर. पंचेचाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं तिनं स्वतःच त्या कागदावर लिहिलं होतं. एका जाळीवर तो छप्पन्न होत होता.

आकड्यानं माणूस जितका घाबरेल तितकीच ती तेव्हा घाबरली. खरी भीती दुपारी आली.

दुपारी जेवणं उरकून घर आडवं झालं तेव्हा तिनं कपाटातून आपलं जुनं गंगावन काढलं. तरुणपणी लग्नकार्यात वेणीला जोडायचं ते, दीड हात लांब, काळंभोर. ते तिनं काठीच्या टोकाला सुतळीनं घट्ट बांधलं, पंप सुरू केला आणि काठी पाण्यात सोडली.

केस आधी पाण्यात पसरले. मग एकत्र आले, आणि एका दमात जाळीत गेले. काठी तिच्या हातात हिसकली. तिनं ओढलं. काठी वाकली, पण गंगावन येईना. पाय भिंतीला लावून ओढलं, तरी येईना. जाळीमागे पाणी गरगरत होतं आणि त्यात केसांची गाठ बसत चालली होती, हे तिला दिसत नव्हतं, पण काठीतून हाताला कळत होतं. ती काठी तशीच टाकून पंपाच्या खोलीकडे धावली. एक्केचाळीस पावलं. कडी, दार, बटण. घड्याळ पाहिलं तर सव्वीस सेकंद गेले होते. परत येऊन ओढलं तेव्हा निम्मं गंगावन हातात आलं. उरलेलं जाळीतच राहिलं.

ती काठावर बसली.  सव्वीस सेकंद तर तिला, धावता येत होतं म्हणून, आणि काय झालंय हे ठाऊक होतं म्हणून. पडद्याच्या खळखळाटात, पन्नास माणसांच्या गर्दीत, पाण्याखाली कुणाचं काय झालंय हे आधी कुणाला दिसणार?

संध्याकाळी चहाला सांगू, असं तिनं ठरवलं. चहाला अण्णा वैनींच्या फोटोसमोर बसून आमंत्रणांची यादी वाचत होते. तिचा कप निवला. जेवताना सांगू. जेवताना ते म्हणाले, "रत्ना असती तर त्या पडद्याखाली पहिली तीच उभी राहिली असती," आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढे ओढला. कमळ फोडा, असं यांना कसं म्हणायचं? आणि कुणाच्या तोंडानं? ज्या तोंडानं हिशेब बरोबर आहे म्हटलं होतं, त्याच?

शुक्रवारी सकाळी तिनं पुतण्याला, रघुनंदनला गाठलं. समारंभाची सगळी धावपळ त्याच्याच गळ्यात होती. त्यानं दोन्ही फोन बाजूला ठेवून नीट ऐकून घेतलं, हे खरं.

"आत्या, रविवार तेवढा पार पडू दे. सोमवारी गुंडोला बसवतो."

"रविवारीच मुलं उतरणार आहेत."

"उतरतील, वर वर खेळतील. तळाला कशाला जातील? चार फूट पाणी. तू म्हणजे ना, प्रयोगशाळा घरी घेऊन आलीस. स्वल्प सोड की, थोडं तरी!"

अर्धा तास तिला ते पटलंही. पटवून घ्यायला ती तयारच होती. मग जेवणाच्या पानावर अण्णांनी चिकपेटहून आणलेली पिशवी उघडली. आत बोटभर लांबीचे पितळेचे मासे होते. नव्या पाण्याची पूजा करताना पाण्याला काहीतरी वाहायचं, ही घराची जुनी रीत. "वर्षाला एक, असे पंचाहत्तर," अण्णा म्हणाले. "कमळावर सोडणार मी. मग बुड्या मारायच्या. ज्याला जितके मिळतील तितके त्याचे!"

मुलांनी ताटंच वाजवली. अहल्या पानावरून उठली. पुलाचा तळ जाळीकडे उतरता होता. कमळावर टाकलेला प्रत्येक मासा घसरत तिथंच जाणार होता.

शनिवारी सकाळी कुणाला न विचारता तिनं पंपाचं मुख्य बटण खाली पाडलं. असं गुपचूप भागलं तर बरं, एवढंच तिच्या मनात होतं. दुपारी मागच्या अंगणातून खळखळाट ऐकू आला. धावत गेली, तर रघुनंदन पडद्याखाली हात धरून उभा होता.

"ट्रिप झाला होता वाटतं, आत्या. मी केला परत चालू. काय जोर आहे बघ! वा!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आता म्हण, स्वतःला ती म्हणाली. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "सरी, बरं. टॉवेल काढून ठेवते."

त्या रात्री ती झोपली नाही, एवढंच.

रविवारी दहा वाजता घर फुलांनी आणि पाहुण्यांनी भरून गेलं. रघुनंदनची बायको रम्या खोलीत निधीचे केस घेऊन बसली होती. निधी सात वर्षांची. दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मलेली, वाचेल की नाही अशी होती, तेव्हा रम्यानं तिरुपतीला नवस बोलला होता. आठवं लागलं की केस द्यायचे, तोवर कात्री लावायची नाही. केस कमरेच्या खाली पोचले होते.

"बघा ना आत्या, पोहायच्या टोपीत मावतच नाहीत," रम्या म्हणाली. "दोन टोप्या फाटल्या. राहू दे मोकळे, नाहीतरी ओलेच व्हायचेत."

अहल्येनं निधीच्या केसांना हात लावला. "रम्या, हिला आज पाण्यात सोडू नकोस."

"का? सर्दी कालच गेली की."

"अहल्याज्जी," निधी म्हणाली, "मी वीस मासे काढणार. मला डोळे उघडे ठेवून बुडता येतं. तळाला हात लावून येते मी!"

"रम्या, त्या पंपाचं असं आहे की..." अहल्या म्हणाली, तोच बाहेरून हाक आली, भटजी नारळ मागतायत. "आलेच हं," म्हणून रम्या निघून गेली. निधी आधीच दाराबाहेर पळाली होती.

अहल्या तिच्यामागे पुलाशी पोचली तेव्हा काठाला माणसांचं कडं झालं होतं. अकरा वाजून चार मिनिटं. भटजींनी पाण्यात हळद-कुंकू वाहिलं. रघुनंदननं पंपाच्या खोलीतून हात हलवला आणि भिंतीवरून पाण्याचा रुंद, अखंड पडदा कोसळला. टाळ्या झाल्या. कुंकवाची एक लाल रेघ पाण्यात लांबत गेली, कमळावरून पुढे सरकली आणि तळाकडे वळून दिसेनाशी झाली. सगळे पडद्याकडे पाहत होते. ती रेघ कुठं गेली ते फक्त अहल्येनं पाहिलं.

"ही सगळी करामत आमच्या अहल्येची!" अण्णा ओरडून सांगत होते. त्यांच्या हातात माशांची परडी होती, डोळ्यांत पाणी होतं. "पुढे ये गं! लाजतेस काय? साठी आली आता!"

लोक हसले. सात मुलं पायऱ्यांवर रांगेत उभी होती, आणि सर्वांत पुढे निधी, केस पाठीवर सुटे.

"अण्णा, थांबा," अहल्या म्हणाली. खळखळाटात ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही.  अण्णांनी परडीत हात घातला. आधी जमलं नाही, आता काय जमणार, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात होता, आणि त्याच्या आत, अगदी आत, आकडे चालू होते. एक, दोन, तीन. सव्विसापर्यंत.

पहिले मासे चकाकत पाण्यात पडले.

"पळा!" अण्णा म्हणाले.

अहल्या नेसलेल्या रेशमी साडीनिशी दुसऱ्या पायरीवर उतरली आणि तिनं निधीचं मनगट धरलं. दुसरा हात आडवा पसरून ती बाकीच्या मुलांसमोर उभी राहिली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. निधी किंचाळली, "आज्जी, सोड ना! सगळे मासे दुसरे घेतील!" काठावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग कुणीच हसलं नाही.

"काय चाललंय, अहल्या?" अण्णांनी विचारलं. "मुहूर्त आहे. बाजूला हो."

"नाही होणार."

"काय म्हणालीस?"

"कमळाखाली दुसरी जाळी होती, अण्णा. तुम्ही ती बुजवून घेतलीत, आणि मी ती आहे असं धरून सही केली. आता सगळा पंप एकाच जाळीतून ओढतोय. मी त्यात गंगावन सोडून पाहिलं. पंप बंद केला तरी निम्मंच परत आलं." तिचा आवाज कापत होता, पण आता तो भिंतीपर्यंत पोचत होता. "गुरुवारपासून मला माहीत आहे. गुरुवारीच सांगायचं होतं."

रम्या गर्दीतून पुढे आली, निधीला तिनं कमरेत धरून उचललं आणि तिचे सगळे केस एका मुठीत गच्च धरले.

अण्णांच्या हातातली परडी खाली आली. "रत्नाचं कमळ," ते हळू म्हणाले. "म्हणजे ते..."

"फोडावं लागेल."

"आज माझा दिवस आहे, अहल्या. एवढी माणसं आलीत. एक तासभर..."

"एक मिनिटही नाही," अहल्या म्हणाली. मुलांसमोर आडवा धरलेला हात तिनं अजून खाली घेतला नव्हता. "ती जाळी उघडेपर्यंत या पाण्यात कुणी उतरायचं नाही. मी उतरू देणार नाही."